काच धुरकटली, पंखा मुका : गाडीच्या हीटरच्या पंख्याचा बिघाड कसा शोधावा

गाडीतल्या हीटरचे नाव काढले की आपली मंडळी हसतात. "साहेब, हीटर काश्मीरला लागतो. आपल्याकडे शिमगा झाला की गाडीत बसवत नाही, तिथे आणखी ऊब कशाला?" बोलणे अगदीच चुकीचे नाही. आपल्या पिकअप आणि जीपगाड्यांतला हीटरचा खटका कित्येक घरांत गाडी घेतल्यापासून कुणी हलवलेला नसतो. पण त्या खटक्यामागे डॅशबोर्डखाली जो लहानसा पंखा बसवलेला असतो, ज्याला गॅरेजवाले ब्लोअर म्हणतात, तो काही नुसती ऊब देण्यासाठी नाही. पावसाळ्यात समोरची काच आतून धुरकटते, तेव्हा ती साफ करणारा तोच. भर पावसात, रात्रीच्या वेळी, घाटाच्या वळणावर हा पंखा बंद पडला तर वायपर कितीही जोरात चालला तरी उपयोग नाही. वायपर बाहेरचे पाणी पुसतो, आतले नाही.

काच का धुरकटते हे शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगायला नको. पहाटे पिकावर दव पडते तोच हा प्रकार. गरम हवेत पाण्याची वाफ जास्त मावते, गार हवेत कमी. २५ अंश सेल्सियसला एका घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम वाफ मावते, १५ अंशाला फक्त १३ ग्रॅमच्या आसपास. केबिनमध्ये तीन माणसे बसलेली, कपडे ओले, पायाशी भिजलेले पोते, अशी दमट हवा बाहेरच्या पावसाने गार झालेल्या काचेला लागली की जादा वाफ तिथे थेंब होऊन बसते. द्राक्षबागेत पान ओले राहिले की केवडा येतो म्हणून आपण पानावर वारा खेळता ठेवतो. काचेचेही तसेच. तिच्यावर गरम, कोरडी हवा जोराने खेळवली की धुके मिनिटा-दोन मिनिटांत उडते. हवा गरम करण्याचे काम इंजिनातले तापलेले पाणी करते, पण ती हवा काचेपर्यंत ढकलायची कुणी? या पंख्याने.

येथे एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. एसी असलेल्या गाडीत पावसाळ्यात कधी कधी काच बाहेरून धुरकटते, कारण काच आतून फार गार झालेली असते. बोट फिरवून पाहा. आतून रेघ उमटली तर पंखा आणि गरम हवा हवी. बाहेरून उमटली तर वायपर मारा आणि एसीचा गारवा कमी करा. हे न ओळखता पुष्कळ जण उलटा उपाय करतात.

मुंबईच्या हार्बर रेल्वेवर चेंबूर आणि मानखुर्द यांच्या मधले स्टेशन म्हणजे गोवंडी. त्याच्या जवळच देवनारचा कत्तलखाना आणि शेळ्या-मेंढ्यांचा मोठा बाजार आहे. पूर्वी मुंबईचा कत्तलखाना वांद्र्याला होता, १९७१ साली देवनारला नवा सुरू झाला. आपल्या भागातल्या शेळीपालकांना गोवंडी ठाऊक असते ती या बाजारामुळे, आणि विशेषतः बकरी ईदच्या बाजारामुळे. ही ईद चांद्र कालगणनेप्रमाणे येते, म्हणून दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२३ साली ती २९ जूनला होती, २०२४ साली १७ जूनला, २०२५ साली ७ जूनला. आणि २०२५ मध्ये मुंबईत मोसमी पाऊस २६ मेलाच येऊन ठेपला होता. म्हणजे लागोपाठ काही वर्षे आपले शेळीपालक बोकड घेऊन निघाले ते ऐन पावसात. जुन्नरकडची मंडळी माळशेज घाटाने उतरतात, नाशिक-सिन्नरची कसाऱ्याने, साताऱ्या-सोलापूरची बोरघाटाने. प्रवास रात्रीचा, कारण दिवसा जनावराला ऊन आणि वाहतुकीची दाटी सोसत नाही. वाशीच्या बाजार समितीत भाजी नेणाऱ्यांची वाटही हीच आणि वेळही हीच, आणि त्यांना तर वर्षभर हेच. माळशेजला पावसाळ्यात धुके बाहेरही असते. त्यात आतून काच धुरकटली म्हणजे चालक एका हाताने चाक धरतो आणि दुसऱ्या हाताने फडके मारतो. फडक्याला हाताचा तेलकटपणा लागलेला असतो. पुसलेल्या जागी समोरच्या गाडीचा दिवा पडला की सगळी काच पांढरीफटक दिसते. दरीच्या बाजूला कठडा आहे की नाही हे कळत नाही.

म्हणून हा पंखा मृगाआधी एकदा चालू करून पाहावा. आणि बंद असेल तर नुसते गॅरेजात सोडून यावे असेही नाही. बिघाड बहुतेक वेळा साधा असतो. तो शोधायला एक बल्ब, दोन तारा आणि तासभर सवड पुरते.

वीज कुठून कुठे जाते

शेतावरच्या पाण्यासारखाच हा विजेचा मार्ग समजावा. बॅटरी ही विहीर. तिथून वीज चावीच्या स्विचमधून फ्यूजकडे येते. फ्यूज हा मुद्दाम ठेवलेला कमजोर दुवा आहे. कुठे जास्त प्रवाह गेला तर तार जळण्याऐवजी तो वितळावा, एवढेच त्याचे काम. पुढे अनेक गाड्यांत रिले असतो. रिले म्हणजे आपल्या पंपाच्या स्टार्टरचे धाकटे भावंड. बटनातून थोडीशी वीज जाते, तिने आतली कॉईल ओढली जाते आणि जाड कॉन्टॅक्ट जुळून मोठा प्रवाह सुटतो. रिलेनंतर मोटार, वेग कमी-जास्त करणारा खटका आणि त्याचा रेझिस्टन्स, आणि शेवटी अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतीची वाट. पाणी शेतात सोडले की काम झाले, पण विजेचे तसे नाही. ती विहिरीत परत आली पाहिजे. परतीची वाट तुटली तर पंखा फिरत नाही, मग अलीकडे कितीही वीज असो. आपल्याकडे गाड्या चिखलात, खतात, शेणात वावरतात. त्यामुळे बिघाडांत अर्थचा वाटा मोठा असतो असा माझा अनुभव आहे.

रेझिस्टन्सबद्दल थोडे जास्त सांगायला हवे. छताच्या पंख्याचा जुना, खोक्यासारखा रेग्युलेटर आठवतो? कमी वेगावर ठेवला की तो तापायचा. गाडीतही तेच. तारेची वेटोळी असलेली एक छोटी पट्टी असते. कमी वेगाला वीज त्या वेटोळ्यांतून जाते, काही भाग तिथे उष्णता होऊन उडतो आणि मोटार हळू फिरते. पूर्ण वेगाला मात्र वीज वेटोळी टाळून सरळ जाते. ही पट्टी फार तापते, म्हणून ती मुद्दाम पंख्याच्या वाऱ्याच्या वाटेतच बसवलेली असते. वारा मिळेना की तापमान वाढते आणि पट्टीवरचा छोटा उष्णतेचा फ्यूज तुटतो.

आता लक्षणे वाचता येतील. पंखा फक्त शेवटच्या, सर्वांत जोराच्या आकड्यावर चालतो आणि खालच्या आकड्यांवर मुका राहतो, तर मोटार, फ्यूज, अर्थ सगळे ठीक आहे. दोष रेझिस्टन्सच्या पट्टीत किंवा तिच्या कपलरमध्ये आहे. उलट खालचे वेग चालतात पण शेवटचा नाही, तर खटक्याचा तेवढा कॉन्टॅक्ट किंवा पूर्ण वेगाचा स्वतंत्र रिले तपासावा. खड्ड्यात गाडी आदळली की पंखा सुरू होतो, किंवा मोटारीच्या डब्यावर पेचकसाच्या मुठीने हलके ठोकले की फिरू लागतो, तर मोटारीतले कार्बन झिजले आहेत. मिक्सरचे कार्बन संपले की तो जसा अडतो तसेच. किंचाळल्यासारखा आवाज येतो तो कोरड्या पडलेल्या बुशचा. खडखड येते ती बहुधा पंख्यात अडकलेल्या पाचोळ्याची. कोणत्याच आकड्यावर काहीच नाही, आवाजही नाही, अशा वेळी पुढचा तपास करायचा.

बल्बची परीक्षा

मल्टिमीटर असला तर चांगलेच, पण या कामाला मी बल्ब आधी सांगतो. गाडीच्या साइड इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन हातभर तारा जोडा, एका टोकाला चिमटा लावा आणि दुसऱ्याला टोकदार खिळा. मोठ्या ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची असते, तिथे २४ व्होल्टचाच बल्ब हवा. मीटरपेक्षा बल्ब आधी का? गंजून एकच केस शिल्लक राहिलेली तार असली तरी मीटर तिथे पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. तार कमजोर असेल तर तो मिणमिणतो आणि खोटे उघडे पडते. पाण्याच्या पाइपाला प्रेशर मीटर लावून दाब पुरेसा दिसतो, पण कॉक सोडला की धार करंगळीएवढी येते, तसलीच ही फसवणूक.

एक सूचना मात्र पाळावी. नव्या गाड्यांत एअरबॅगचे कपलर पिवळ्या रंगाचे असतात, त्यांना बल्ब किंवा खिळा लावू नये. इंजिनाच्या संगणकाकडे जाणाऱ्या बारीक तारांनाही नाही. आणि ज्या गाडीत गारवा अंशांत लावला की पंखा आपोआप वेग बदलतो, तिथे साधी रेझिस्टन्सची पट्टी नसून इलेक्ट्रॉनिक पेटी असते. ती गाडी जाणकाराकडेच न्यावी.

पहिली गाठ फ्यूजची. फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चित्र असते, त्यात पंख्याचे चिन्ह शोधा. पात्याच्या फ्यूजवर आकडा असतो आणि रंगही ठरलेला असतो : १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा किंवा पारदर्शक, ३० हिरवा. फ्यूज उपटून डोळ्यांनी पाहण्यापेक्षा जागेवरच तपासावा. चिमटा स्वच्छ पत्र्याला लावा, चावी फिरवा, आणि फ्यूजच्या माथ्यावर जे दोन उघडे धातूचे ठिपके दिसतात त्यांना खिळा लावा. दोन्हीकडे बल्ब पेटला तर फ्यूज शाबूत. एकीकडेच पेटला तर तो गेला. दोन्हीकडे पेटत नसेल तर वीज फ्यूजपर्यंतच येत नाही, मग चावीचा स्विच आणि बॅटरीकडची बाजू पाहावी.

फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच आकड्याचा नवा घालावा. तोही लगेच गेला तर तिसरा घालू नका. मोटारीचा कपलर सोडवा आणि फ्यूजच्या खाचेत बल्बच्या दोन तारा बसवा. मोटार सुटलेली असताना बल्ब ठळक पेटला तर तार कुठेतरी पत्र्याला टेकून शॉर्ट झाली आहे. तारेचा जुडगा ठिकठिकाणी हलवत जा, ज्या जागी बल्ब विझेल तिथेच दोष. पेटला नाही तर तारा ठीक आहेत आणि मोटार जाम होऊन जास्त वीज ओढते आहे असे समजावे. काही जण अशा वेळी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात किंवा तांब्याची तार घालतात. पंखा चालू होतो खरा. पण मग वितळायला फ्यूज उरत नाही आणि डॅशबोर्डमागची तारच फ्यूज होते. तिथे प्लास्टिक आहे, फोम आहे, आणि गाडीत मागे बांधलेली जनावरे आहेत.

रिलेच्या पायांवर बहुधा ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ८५ आणि ८६ कॉईलचे, ३० वर बॅटरीची वीज येते आणि ८७ मधून पुढे जाते. तपासायची सोपी रीत अशी, की फ्यूजबॉक्समध्ये हॉर्नचा रिले तसाच असेल तर दोघांची अदलाबदल करून पाहावी. मात्र आकडे आणि पायांची मांडणी तंतोतंत सारखी हवी. चावी फिरवल्यावर रिले टिक वाजला म्हणजे तो चांगला, असे समजू नका. टिक कॉईलची असते. कॉन्टॅक्ट जळून काळे पडले असले तरी टिक येतेच.

मग मोटारीकडे या. बहुतेक गाड्यांत ती डाव्या बाजूला, शेजारी बसणाऱ्याच्या पायांच्या वर, डॅशबोर्डखाली असते. तिचा दोन तारांचा कपलर सोडवा, चावी चालू, खटका शेवटच्या आकड्यावर, आणि बल्बच्या दोन तारा कपलरच्या दोन पिनांना लावा. बल्ब लख्ख पेटला तर वीज मोटारीच्या दारापर्यंत पोचते आहे, दोष मोटारीत धरावा. पेटला नाही तर चिमटा पत्र्याला लावून खिळा एकेका पिनेला लावा. एका पिनेवर पेटला तर वीज येते आहे, परतीची वाट तुटली आहे. कुठल्याच पिनेवर पेटला नाही तर येणारी वाट तुटली आहे, फ्यूज-रिलेकडे परत जा. आता चिमटा बॅटरीच्या धन टोकाला लावून दुसऱ्या पिनेला खिळा लावा. पेटला तर अर्थ शाबूत.

येथे एका गोष्टीने नवखा माणूस गोंधळतो. काही गाड्यांत वेगाचा खटका मोटारीच्या आधी असतो, तर काहींत नंतर, म्हणजे अर्थच्या बाजूला. ओळखायचे असे : कपलर जोडलेलाच ठेवून, चावी चालू आणि खटका शून्यावर असताना, मागच्या बाजूने दोन्ही तारांवर मीटर लावा. दोन्हीवर १२ व्होल्ट दिसले तर खटका अर्थच्या बाजूला आहे. अशा गाडीत 'परतीची वाट तुटली' याचा अर्थ पत्र्याला लावलेला बोल्टच असेल असे नाही, खटका किंवा रेझिस्टन्सही असू शकतो.

२०२३ च्या बाजारात एक जुन्नरकडचे शेळीपालक देवनारला भेटले. पिकअपमध्ये चौदा बोकड. माळशेज उतरताना काच पुसता पुसता हैराण झालेले. वाटेत एका गॅरेजवाल्याने मोटार बदलायला सांगितली होती, काही हजारांचा खर्च.

"साहेब, मोटार गेली म्हणतोय तो. बोकड विकले की परतताना घालून घेतो."

"मामा, त्याने मोटार काढून बॅटरीवर लावून पाहिली का?"

"नाही हो, खटका फिरवला, चालेना, म्हणाला गेली."

त्यांच्या गाडीत बल्ब होताच, इंडिकेटरचा काढून घेतला. मोटारीच्या दोन पिनांमध्ये तो पेटेना, एका पिनेपासून पत्र्याला मात्र लख्ख पेटला. खटका अर्थच्या बाजूचा होता. खटक्याच्या कपलरमधली अर्थची तार पाहिली, बॅटरीच्या धन टोकाशी जोडूनही तिथे बल्ब लागेना. त्या काळ्या तारेचा माग काढत गेलो तर डाव्या पायाकडच्या कोपऱ्यात, रबरी मॅटखाली, ती पत्र्याला बोल्टने बांधलेली. बोल्ट पांढऱ्या-हिरव्या खारात बुडालेला. पावसाच्या दिवसांत लहान करडे केबिनमध्येच पायाशी ठेवायची त्यांची रीत होती. करडांचे मूत मॅटखाली मुरून मुरून तो कोपरा खाऊन टाकला होता. बोल्ट काढला, तारेचे टोक आणि पत्रा काचपेपरने चकचकीत केला, बोल्ट आवळून वर ग्रीस माखले. मोटार पहिल्या आकड्यापासून सुरू झाली. गॅरेजवाल्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. शोधण्याची मजुरी कुणी देत नाही, भाग बदलण्याची मिळते, म्हणून तोही बदलण्याचाच सल्ला देतो. शोध आपण केला तर दोघांचेही भांडण मिटते.

मोटार खरोखर गेली का हे ठरवायची रीत एकच. ती सोडवून दोन जाड तारांनी थेट बॅटरीला जोडावी, धन तारेत २० किंवा ३० अँपिअरचा फ्यूज घालूनच. मोटार घट्ट धरावी, बोटे पंख्याच्या जाळीत जाऊ देऊ नयेत. चालली तर मोटार चांगली. आधी हाताने फिरवून पाहावी, अडखळत असेल तर आत कचरा किंवा गंज आहे.

कधी असे होते की कपलरवर बल्ब लख्ख पेटतो, मोटार बॅटरीवर झकास फिरते, पण गाडीत जोडली की मरतुकडी चालते. पूर्ण वेगाला मोटार १० ते २० अँपिअर ओढते, बल्ब पावणेदोन. बल्बाला पुरणारी वाट मोटारीला पुरत नाही. इथे मीटर लागतो. सगळे जोडून, इंजिन चालू, पंखा पूर्ण वेगावर ठेवून मीटरची एक काडी बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी मोटारीच्या येणाऱ्या तारेला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर मधे कुठेतरी वीज गळते आहे. अर्थच्या बाजूला हाच आकडा ०.३ व्होल्टपेक्षा जास्त नसावा. मग एकेक कपलर ओलांडत मागे यावे. समजा एका ढिल्या कपलरवर ३ व्होल्ट गळतात आणि त्यातून १० अँपिअर जातात, तर तिथे ३० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे एक छोटी डाग देण्याची कैया कपलरमध्ये सतत तापत ठेवल्यासारखे. म्हणूनच रेझिस्टन्सचे आणि खटक्याचे कपलर तपकिरी पडतात, वितळतात. वितळलेल्या कपलरमध्ये नवी पट्टी खोचली तर तीही जळते. कपलरही बदलावा, तारेची जळकी लांबी कापून.

आणि पट्टीवरचा तुटलेला उष्णतेचा फ्यूज तारेने जोडून टाकण्याची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नये. तो तुटला तो वारा अडला म्हणून. वारा अजून अडलेलाच असेल तर पुढच्या वेळी पट्टी लाल होईल.

वारा का अडतो

काचेच्या खाली, बोनेटच्या मागच्या कडेला जी जाळी असते तिथून पंखा हवा ओढतो. बाभळीच्या किंवा कडुलिंबाच्या सावलीत गाडी लावायची आपली सवय, त्यामुळे पाने तिथून आत जातात. भुसा, शेळ्यांचे केस, कडब्याचे तूस, सगळे पंख्याच्या पिंजऱ्यात आणि रेझिस्टन्सच्या वेटोळ्यांवर बसते. त्याच जाळीखाली पाणी निघून जायची भोके असतात. ती तुंबली की पावसाचे पाणी मोटारीवर ठिबकते आणि एकाच पावसाळ्यात बुश गंजतात. डाव्या पायाकडची मॅट पाऊस नसतानाही ओली असेल तर भोके आधी पाहावीत. ओल गोडसर वासाची आणि चिकट असेल आणि काचेवर तेलकट धुके धरत असेल, तर मात्र ते पावसाचे पाणी नव्हे, हीटरच्या छोट्या रेडिएटरची गळती आहे. ते काम विजेचे नाही.

उंदरांचा त्रास तर विचारूच नका. मळणीनंतर गाडी गोठ्यात किंवा धान्याच्या कोठीशेजारी उभी राहिली की उंदीर जाळीतून शिरतात, पंख्याच्या पिंजऱ्यात चिंध्यांचे घरटे करतात आणि तारांचे वेष्टण कुरतडतात. घरटे काढताना हातमोजे घालावेत, तोंडाला ओला रुमाल बांधावा, कोरडे झाडू नये आणि नंतर साबणाने हात धुवावेत. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. मुंबईत आणि कोकणात दर पावसाळ्यात त्याचे रुग्ण सापडतात, आणि हातावर जखम असेल तर धोका जास्त. कुरतडलेल्या तारेवर नुसती टेप गुंडाळली तर ओल आत राहते. तार कापून, पीळ देऊन, डाग लावून मग टेप किंवा उष्णतेने आवळणारी नळी घालावी.

घाटात मध्येच पंखा बंद पडला तर दुरुस्तीच्या नादी लागू नये. वळण सोडून सुरक्षित रुंद जागा पाहून गाडी उभी करावी, धोक्याचे चारही दिवे लावावेत. हवेची कळ बाहेरची हवा आत येईल अशी ठेवावी, आतलीच हवा फिरवणारी नको. तापमानाची कळ गरमवर आणि हवेची दिशा काचेकडे. गाडी चालू लागली की पंख्याशिवायही थोडी गरम हवा काचेपर्यंत येते. दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटे खाली घ्याव्यात, भिजलेले कपडे आणि गोणपाट केबिनमधून मागे टाकावे. पुसायला धुतलेले सुती फडके वेगळेच ठेवलेले असावे, गाडी पुसायचे तेलकट नव्हे. कमी वेग गेलेले असून फक्त जोराचा वेग चालत असेल तर घाबरायचे कारण नाही. तोच ठेवून घरी यावे, रेझिस्टन्स नंतर बदलता येतो.

मोटार बदलावीच लागली आणि नवीचा भाव परवडेना तर आपली माणसे देवनारहून परतताना कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात वाकडी वाट करतात. हरकत नाही, पण तिथेही बॅटरीवर चालवून दाखवायला सांगावे. मोटार सुरू होताना धक्का न देता फिरली पाहिजे, बंद केल्यावर काही क्षण आपोआप फिरत राहिली पाहिजे, आणि आस हाताने वरखाली हलता कामा नये. जळका वास आला तर परत द्यावी. पंख्याचा पिंजरा आपल्या जुन्या पिंजऱ्याशी मोजून पाहावा, पात्यांची वळणे एकाच दिशेची हवीत. आणि घरी बसवल्यावर वारा अगदीच मंद वाटला तर लगेच विकणाऱ्याला शिव्या देऊ नका. धन आणि ऋण तारा उलट लागल्या तर हा पंखा उलटा फिरतो आणि तरीही थोडा वारा पुढेच फेकतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. दोन तारांची अदलाबदल करून पाहावी.